कनिष्ठ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमधील चिंता व नैराश्य : ओळख आणि प्रतिसाद

बीजसंज्ञा : किशोरावस्था, चिंताविकार, नैराश्य, उपस्थिती, समुपदेशन.

प्रस्तावना :

इयत्ता अकरावी व बारावीचा विद्यार्थी साधारणतः १६ ते १८ वर्षांचा असतो. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हा वयोगट किशोरावस्था मानते. तिच्या माहितीनुसार जगभरात या वयोगटातील दर सात जणांपैकी एकास कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. त्यांत चिंता व नैराश्य यांचा वाटा मोठा आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयोगटातील मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. ८० विद्यार्थ्यांच्या तुकडीस हे प्रमाण लावल्यास सुमारे सहा विद्यार्थी त्यात मोडतात. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या; त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत अधिक होता. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक विकार असतोच असे नाही; परंतु वेळीच ओळखल्या न गेलेल्या नैराश्याचा धोका या आकड्यांवरून लक्षात यावा.

चिंता व नैराश्य वर्गात बहुधा आजाराच्या रूपात दिसत नाहीत. ती बेशिस्तीच्या रूपात दिसतात. त्यामुळे ज्या लक्षणांवर साहाय्य मिळावयास हवे त्यांवरच शिक्षा होते. प्रस्तुत लेखात या विकारांची ओळख व अध्यापकाने द्यावयाचा प्रतिसाद यांचा विचार याच दृष्टीने केला आहे.

संकल्पना :

परीक्षेपूर्वी धडधड होणे किंवा अपयशानंतर काही दिवस उदास वाटणे हे स्वाभाविक आहे. कारण दूर झाले की ही अवस्था ओसरते. विकार ठरविताना तीन गोष्टी पाहिल्या जातात : कालावधी, तीव्रता आणि दैनंदिन जीवनात येणारा अडथळा. उदास मनःस्थिती किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील रस नाहीसा होणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता, स्वतःविषयीची भावना यांतील बदल किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज टिकले तर नैराश्याचा विचार करावा लागतो. सर्वसाधारण चिंताविकारात अनेक बाबींविषयीची अनावर काळजी कित्येक महिने टिकते. सामाजिक चिंतेत इतरांच्या नजरेची, हसे होण्याची भीती प्रबळ असते. पुष्कळ विद्यार्थ्यांत चिंता व नैराश्य एकत्र आढळतात.

प्रौढांच्या नैराश्यात खिन्नता ठळक असते. किशोरांत मात्र तिची जागा चिडचिडेपणा घेऊ शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान निकषांतही मुले व किशोर यांच्याबाबत चिडचिडी मनःस्थिती हे लक्षण ग्राह्य धरले आहे. उलट उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याकडे पाहताना ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

वर्गातील लक्षणे :

उदाहरणादाखल एक कल्पित विद्यार्थिनी घेऊ. ती तालुक्याच्या गावी मराठी माध्यमातून दहावीस उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली आणि शहरात खोली घेऊन विज्ञान शाखेत शिकू लागली. विषय इंग्रजीतून आले. पहिल्या घटक चाचणीत ती प्रथमच अनुत्तीर्ण झाली. सकाळचे तास चुकू लागले. प्रात्यक्षिकाच्या दिवशी पोटात दुखू लागले. जर्नल अपूर्ण राहिले. एकदा प्रश्न विचारला असता ती उभी राहिली, बोलली नाही आणि खाली बसली. सत्राच्या अखेरीस तिचे नाव उपस्थिती कमी असणाऱ्यांच्या यादीत सूचनाफलकावर लागले. प्रत्येक नोंद खरी आहे; परंतु ती वेगवेगळ्या अध्यापकांच्या वेगवेगळ्या वह्यांत असल्याने त्यांतून उमटणारे चित्र कोणीच पाहिले नाही.

अशा चित्राचे घटक पुढीलप्रमाणे सांगता येतील. शारीरिक : वारंवार डोकेदुखी, पोटदुखी, थकवा, वजनातील बदल, रात्री झोप न लागणे व दिवसा पेंगणे. भावनिक : चिडचिड, रडू येणे, अकारण अपराधीपणा. बौद्धिक : लक्ष न लागणे, साधे निर्णयही न घेता येणे. वर्तनविषयक : मित्रांपासून दूर होणे, तोंडी परीक्षा टाळणे, गुणांतील अचानक घसरण, व्यसनाकडे वळणे. यांतील एकटे लक्षण फारसे सांगत नाही. विद्यार्थ्याच्या पूर्वीच्या स्वभावाशी तुलना करता दिसणारा बदल अधिक सांगतो. शांत, नियमित व कोणासही त्रास न देणारा विद्यार्थी या निरीक्षणातून सर्वाधिक निसटतो.

भाषेकडेही लक्ष द्यावे लागते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे विद्यार्थी क्वचितच म्हणतो. ‘कंटाळा आलाय’, ‘मन लागत नाही’, ‘जीव घाबरतो’, ‘टेन्शन येतं’, ‘काही अर्थच नाही’ हे त्याचे शब्द असतात. ‘कंटाळा’ हा शब्द आळसासाठी वापरला जात असल्याने तो सहज उडवून लावला जातो. वस्तुतः कशातच रस न उरण्याची अवस्था अनेकदा याच शब्दाने सांगितली जाते.

कारणे :

कोणतेही एक कारण पुरेसे नसते. आनुवंशिकता, संप्रेरकांतील बदल आणि मेंदूची चालू असलेली वाढ ही जैविक बाजू होय. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढील भाग विशीच्या मध्यापर्यंत विकसित होत असतो. रक्तक्षय व थायरॉइडचे विकार नैराश्यासारखीच लक्षणे निर्माण करीत असल्याने वैद्यकीय तपासणी अगत्याची ठरते. सामाजिक बाजूस माध्यमबदल, प्रवेश परीक्षांची स्पर्धा, लातूर-नांदेडसारख्या शहरांत शिकवणीसाठी घर सोडून राहणे, शेतीतील कर्ज व घरातील ताण, जातीवरून वा रूपावरून होणारी हेटाळणी, लैंगिक छळ, तसेच समाजमाध्यमांवरील छळवणूक या गोष्टी येतात.

अध्यापकाचा प्रतिसाद :

निदान करणे हे अध्यापकाचे काम नव्हे. बदल लक्षात घेणे, विचारणे, ऐकणे आणि योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचविणे एवढे त्याचे कार्य आहे.

१) विचारणा एकांतात व्हावी, परंतु बंद दाराआड नव्हे. ‘तू हल्ली का येत नाहीस?’ यापेक्षा ‘गेल्या तीन आठवड्यांपासून तू गप्प दिसतेस, काही त्रास होतो आहे का?’ असा निरीक्षणावर आधारलेला प्रश्न उत्तरास वाव देतो.

२) ऐकताना उपदेश, तुलना व घाईचे आश्वासन टाळावे. ‘आमच्या वेळी यापेक्षा हाल होते’ या वाक्याने संवाद संपतो. नैराश्यग्रस्त तरुणाची कथा सांगणाऱ्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ या चित्रपटास २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या तरुणावर प्रश्नांचा मारा न करता त्याला आसरा देणारी व वाट पाहणारी माणसे त्यात आहेत. अध्यापकासही तशीच धीराची भूमिका घेता येते.

३) निराशेचे बोलणे, निरवानिरवीची भाषा किंवा प्रिय वस्तू वाटून टाकणे आढळल्यास आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे स्पष्टपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज अभ्यासांनी खोटा ठरविला आहे. उत्तर होकारार्थी असल्यास विद्यार्थ्यास एकटे सोडू नये, पालकांना बोलावून घ्यावे, घरातील कीटकनाशके व औषधे कुलपात ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी.

४) संपूर्ण गुप्ततेचे वचन देऊ नये. जीवास धोका असल्यास सांगणे भाग आहे. १८ वर्षांखालील विद्यार्थ्याचे लैंगिक शोषण उघड झाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये त्याची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. मात्र कोणाला काय सांगावयाचे हे विद्यार्थ्यास आधी कळवावे. घरच त्रासाचे कारण असल्यास विश्वासातील दुसऱ्या प्रौढ व्यक्तीचा शोध घ्यावा.

५) ‘टेलिमानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती विनामूल्य व अहोरात्र उपलब्ध आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि किशोरवयीनांसाठीची शासकीय ‘मैत्री’ क्लिनिक हीही जवळची ठिकाणे होत.

उपचार व पाठपुरावा :

विचार व वर्तन यांवर एकत्रित काम करणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती ही प्रमुख उपचारपद्धती होय. मध्यम व तीव्र नैराश्यात औषधांचीही गरज भासते. अमेरिकेत ४३९ किशोरांवर झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ आठवड्यांनंतर औषध व वर्तनोपचार एकत्र घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के सुधारले. केवळ औषधाने ६०.६, केवळ वर्तनोपचाराने ४३.२, तर औषधाचा अंश नसलेल्या गोळीने ३४.८ टक्के सुधारले. औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. सुरुवातीच्या काळात आत्मघातकी विचारांवर डॉक्टर व पालक यांचे लक्ष असावे लागते. ‘गोळ्यांची सवय लागेल, सोडून दे’ असा सल्ला अध्यापकाने कदापि देऊ नये.

संस्थेचे उत्तरदायित्व :

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० वा अधिक विद्यार्थी असणाऱ्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा, सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावे आणि विद्यार्थ्यांचा जाहीर अपमान टाळावा, असे त्यांत सांगितले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते. तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. पोलिसांच्या भीतीने असा प्रसंग दडपणे म्हणूनच अनुचित होय.

याखेरीज विनाखर्चाच्या काही गोष्टी आजच शक्य आहेत. उपस्थिती कमी असणाऱ्यांची यादी फलकावर लावण्यापूर्वी वर्गशिक्षकाने त्यातील प्रत्येकाशी स्वतंत्र बोलावे. महिन्यातून एकदा एका तुकडीच्या सर्व अध्यापकांनी एकत्र बसून कोणात बदल दिसतो याची नोंद करावी. उपचार घेणाऱ्या विद्यार्थ्यास जर्नल व तोंडी परीक्षा यांसाठी मुदत द्यावी.

समारोप :

उपस्थितीचा नियम आवश्यक आहे. त्याविना महाविद्यालय चालत नाही. परंतु गैरहजेरी ही केवळ नियमभंगाची नोंद नसून ती एक माहितीही आहे. ती माहिती वाचण्याची सवय अध्यापकांनी लावून घेतली, तर कल्पित उदाहरणातील विद्यार्थिनीचे नाव फलकावर लागण्याआधी तिच्याशी कोणीतरी बोललेले असेल. उपचार तज्ज्ञ करतील; परंतु तज्ज्ञाच्या दारापर्यंतची पहिली पावले बहुधा महाविद्यालयाच्या वर्गातूनच सुरू होतात.