हरकतीचे तीस दिवस

नांदेडहून निघून वारंगा फाटा ओलांडला की कळमनुरीच्या अलीकडे आखाडा बाळापूर लागते. कागदोपत्री हे गाव आहे. ग्रामपंचायत आहे, ग्रामसभा आहे, घरांची नोंद नमुना आठवर आहे. पण रस्त्याकडेने पाहिले तर ही चांगली भरलेली बाजारपेठ आहे. बाजार समिती, पोलीस ठाणे, शाळा-महाविद्यालय, खताची आणि हार्डवेअरची दुकाने. भोवतालच्या खेड्यांचा राबता इथेच. १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. पुढे सेनगाव आणि औंढा नागनाथ ही तालुक्याची ठिकाणे नगरपंचायती झाली. बाळापूर तालुक्याचे ठिकाण नाही, म्हणून ते त्या फेरीत बसले नाही. वाढ शहराची आणि कारभार गावाचा, अशी महाराष्ट्रात शेकडो ठिकाणे आहेत. तिथे घर कुठे बांधायचे, गोदाम कुठे, आणि कुठे काहीच बांधायचे नाही, हे कोण ठरवते? ठरवताना तिथे राहणाऱ्यांना कधी विचारले जाते?

जुन्या गावाला याचे उत्तर होते. वस्ती पांढरीत, शेती काळीत, जनावरांना गायरान, शेताला जायला पाणंद, ओढ्याला त्याची जागा. नकाशा नव्हता, पण हद्द सगळ्यांना पाठ होती. त्या व्यवस्थेत जातीची हद्दही तितकीच पक्की होती, गावकुसाबाहेरची वस्ती कुठे असेल हेही तिनेच ठरवले होते. म्हणून तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. एवढेच की गाव वाढताना पाणी कुठून जाते याची आठवण तिच्यात शाबूत होती.

आज गावठाणातल्या बांधकामाची परवानगी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली मिळते. राज्यभराची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. तिच्या आधारे ग्रामविकास खात्याने २०२१ मध्ये जाहीर केले की सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या घरासाठी ग्रामपंचायतीला कागदपत्रांसह कळवले की पुरे, आणि ३२०० पर्यंत नगररचनाकाराकडे खेटे घालण्याची गरज नाही. दुसरीकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ड ने गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरांपर्यंतची जमीन, कर भरल्यावर, रहिवासासाठी अकृषिक झाली असे मानले. घर बांधणाऱ्याची दगदग यामुळे खरोखर कमी झाली, आणि ते चांगलेच झाले. पण २०० मीटरांची ती रेघ मुंबईत ठरली आणि सगळ्या गावांना सारखीच लागू झाली. कुठे ती माळरानावर पडते, कुठे ओढ्याच्या पात्रात, कुठे बारमाही विहिरीच्या ओलिताखालच्या रानात. आपल्या गावात ती कुठे पडावी, हे गावाला विचारलेले नाही.

विचारण्याची रीत कायद्यात आहे. ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे, आणि ती शहरांसाठी आहे. नगरपालिका किंवा नगरपंचायत कलम २३ खाली विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर करते. मग कलम २५ प्रमाणे नगररचना अधिकारी विद्यमान भूवापर नकाशा करतो, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे त्याची नोंद. त्यावर पुढच्या वीस वर्षांची योजना चढते: पिवळा रहिवास, निळा व्यापार, जांभळा उद्योग, हिरवी शेती, मध्ये शाळा, दवाखाना, बाग आणि रस्त्यांची आरक्षणे. कलम २६ खाली हे प्रारूप राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत जाहीर होते आणि हरकती-सूचना मागवल्या जातात. लहान शहरांत त्याला तीस दिवस, मोठ्या महानगरांत साठ. मग कलम २८ ची नियोजन समिती सुनावणी घेते. तीत पालिकेचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. त्यांचा अहवाल पालिकेकडे, पालिकेचे फेरबदल शासनाकडे, आणि शासनाची मंजुरी कलम ३१ खाली. मंजूर योजनेत छोटा बदल करायचा असला तरी कलम ३७ प्रमाणे पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. राज्याची नियमावलीसुद्धा ८ मार्च २०१९ रोजी प्रारूप म्हणून हरकतींसाठी खुली झाली, आणि पावणेदोन वर्षांनी मंजूर झाली.

प्रारूपाचा तो नकाशा लहान गावच्या पालिकेत भिंतीवर टांगतात तेव्हा त्याच्यापुढे काय घडते ते पाहण्यासारखे आहे. माणूस येतो, बोटाने आपला सर्व्हे नंबर शोधतो. रंग पाहतो. पिवळा दिसला तर सुटल्यासारखा होतो, हिरवा दिसला तर तोंड उतरते. आपल्या तुकड्यावरून तुटक दुहेरी रेघ गेली असेल तर तो रस्ता आहे हे त्याला दुसऱ्या कुणीतरी सांगावे लागते. मग भाग नकाशाची प्रत, सातबारा, आणि एक अर्ज. अर्जात बहुतेक एकच वाक्य असते: माझ्या जमिनीवरील आरक्षण उठवावे, ही विनंती. समितीपुढे असे अर्ज गठ्ठ्याने येतात आणि गठ्ठ्यानेच निकालात निघतात. चालणारी हरकत वेगळी असते. तिच्यात गट नंबर असतो, आज जागेवर काय आहे त्याचा फोटो असतो, प्रस्तावित रस्ता दहा मीटर पूर्वेला सरकवला तर कुणाचे घर वाचते आणि कुणाची जमीन लागते, हे नकाशावर पेनाने काढून दाखवलेले असते. असा अर्ज समितीला बाजूला सारता येत नाही, कारण त्याला उत्तर द्यायचे तर जागेवर जावे लागते.

या पद्धतीतली मोठी उणीव माझ्या मते इथेच आहे. हरकत घेतो तो ज्याची जमीन जाते तो. ओढ्याच्या वतीने अर्ज कुणी करत नाही. गायरानाच्या, पोरांच्या खेळायच्या पडीक जागेच्या, पावसाळ्यात बैलगाडी जिथून जाते त्या वाटेच्या बाजूने कुणी उभे राहत नाही. त्या सगळ्यांच्या म्हणून कुणाच्याच नसतात. प्रारूपात त्या चुकून पिवळ्या झाल्या तर तीस दिवस निघून जातात आणि कुणाचे काही अडत नाही. अडते ते दहा वर्षांनी, पहिला मोठा पाऊस पडतो तेव्हा.

पुण्याच्या जुन्या हद्दीचे प्रारूप २०१३ मध्ये आले तेव्हा ८७ हजारांवर हरकती पडल्या. शेवटी योजना शासनाने आपल्या हातात घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केली. मुंबईच्या २०१५ च्या प्रारूपावर सुमारे ६५ हजार हरकती आल्या. अस्तित्वात असलेल्या इमारतींवरून रस्ते गेले होते, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलात मुख्यमंत्र्यांनी ते प्रारूप रद्द केले. पण मुंबईतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट त्याआधीची आहे. भूवापराचा नकाशा तयार झाला तेव्हाच महापालिकेने तो लोकांसमोर ठेवला आणि नागरिकांच्या संस्थांनी त्यातल्या असंख्य चुका काढून दिल्या. कोळीवाडे आणि गावठाणे नीट दाखवलेलीच नव्हती. योजनेची रेघ पडण्याआधी चूक दाखवली तर ती पेन्सिलीने खोडता येते. प्रारूप छापल्यावर तीच चूक खोडायला सुनावणी, ठराव आणि मंत्रालय लागते.

गोव्याने याच्या पुढची पायरी चढून पाहिली. प्रादेशिक आराखडा २०११ विरुद्ध गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या आराखड्यासाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्यासह कृतिदल बसले, आणि नकाशे थेट पंचायतींकडे पाठवले गेले. ग्रामसभांनी आपली शेते, डोंगर, तळी, मिठागरे त्यावर खुणावली. २०१२ मध्ये सरकार बदलले आणि तोही आराखडा बाजूला ठेवला गेला. नंतर गोव्यात कायद्यातल्या दुरुस्त्यांवरून न्यायालयापर्यंत लढाया झाल्या, त्या अजून संपलेल्या नाहीत. तरी एक गोष्ट झाली. ज्या गावाने एकदा आपला नकाशा स्वतः खुणावला, त्या गावाला पुढे कुठल्या सर्व्हे नंबरचा रंग बदलला हे लगेच कळू लागले.

इंदूरच्या होळकर संस्थानासाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ मध्ये अहवाल लिहिला. गल्ल्या पायी फिरून, घरे आणि विहिरी पाहून मगच रेघ मारायची, हा त्यांचा आग्रह. प्लेगच्या काळात त्यांनी तिथे दिवाळीची मिरवणूक काढली आणि ती परंपरेच्या मार्गाने न जाता ज्या गल्ल्या लोकांनी सगळ्यात स्वच्छ केल्या असतील तिथून जाईल, असे जाहीर केले. लोकांनी घरे झाडली, केर काढला. नंतर ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. आपल्या कायद्यात आधी पाहणी आणि मग योजना असा क्रम आहे तो त्याच विचाराचा. कायद्याने पाहणी ठेवली, पण पाहणीत लोक ठेवले नाहीत. माझे म्हणणे एवढेच आहे: लोकांचा शब्द कलम २६ ला नको, कलम २५ ला हवा.

हे शहरी चोचले आहेत असे मराठवाड्यात कुणी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद सरळ रस्ते, सुटी घरे, मोकळे प्लॉट. घरे मजबूत होती, पण भावकी आणि आळी तुटली. बायकांचा शेजार दूर गेला, शेत आणखी दूर गेले. त्याच वेळी ज्या गावांत घरे जागेवरच दुरुस्त करायची होती तिथे ‘संवाद सहायक’ नेमले गेले, त्यांत महिला मंडळांतल्या बायका मोठ्या संख्येने होत्या. भिंतीला कुठे पट्टा घालायचा, पैसे कुणाला मिळाले, गवंडी काय चुकतो हे त्या दारोदार जाऊन समजावत आणि वर कळवत. आपल्याच मुलखात, आपल्याच बायकांनी बांधकामाचा नियम घराघरापर्यंत नेल्याचे हे उदाहरण आहे.

आणि बाळापूरला आता अशाच कामाची गरज आहे. २१ मार्च २०२४ च्या पहाटे हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि काही मिनिटांत ३.६ चा. १० जुलैला पुन्हा ४.५. दोन्ही वेळा केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. महामार्गालगत मजले चढत असताना, खाली दुकान आणि वर घर अशा इमारतीचे खांब कसे आहेत, गावठाणातल्या दगडमातीच्या भिंतीला कुणी हात लावला का, हे प्रश्न नगररचनेचेच आहेत.

त्यासाठी नगरपंचायतीची वाट पाहायला नको. तो दर्जा आज ना उद्या येईल आणि विकास योजनेचे काम त्यानंतर सुरू होईल. तोवर ग्रामसभा आहे. कायद्याने तिच्या वर्षातून किमान चार बैठका व्हाव्या लागतात. ज्या गावांत स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी झाली आहे तिथे गावठाणाचा घरनिहाय नकाशा तयार आहे. तो नकाशा आणि गावठाणाभोवतीचा गट नकाशा शेजारी ठेवावा. ओढे, नाले, पाणंदी, विहिरी, गायरान, स्मशानभूमी, बाजाराची जागा, शाळेची पोरे ज्या वाटेने येतात ती वाट, आणि धक्क्यानंतर तडे गेलेल्या भिंती, हे सगळे त्यावर खुणावून ठरावासह ग्रामपंचायतीच्या दप्तरी लावावे. २०० मीटरांच्या आत जमीन अकृषिक झाली तरी बांधकाम विकास नियमांनुसारच करावे लागते, म्हणून ओढ्याकाठचे अंतर परवानगी देताना ग्रामपंचायतीला पाळायला लावता येते. उद्या नगररचना अधिकारी भूवापराची पाहणी करायला आला तर त्याच्या हातात पहिला कागद हा पडेल. विषयपत्रिका सभेच्या किमान सात दिवस आधी निघते. विषय घ्यावा असा अर्ज सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे त्याआधी दिला तर २ ऑक्टोबरच्या सभेत नकाशा टेबलावर पसरता येतो.