शाळेतील तपासणीत मुलाच्या हृदयात ‘मर्मर’? घाबरू नका, पण टाळूही नका
अहिल्यानगर जिल्ह्यातील अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलांना तपासते. स्टेथोस्कोपमधून डॉक्टर काय ऐकतात? हृदयाच्या झडपा मिटण्याचा आवाज. वरच्या-खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटल्या की ‘लब’, रक्त बाहेर नेणाऱ्या धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की ‘डब’. यांच्या अधेमधे ‘फुस्स’ असा आवाज आला, तर तो ‘मर्मर’. रक्तप्रवाहातील खळबळीमुळे तो येतो.

अनेक निरोगी मुलांतही, विशेषतः ताप असताना, तो ऐकू येतो. मात्र हृदयाला छिद्र किंवा झडपेत दोष असला, तरीही येतो. शंका असल्यास टूडी इको तपासणीत खरे कारण कळते. म्हणून मूल खेळते-बागडते आहे, असे म्हणत पुढील तपासणीची चिठ्ठी घरी ठेवू नका. गरज पडल्यास शस्त्रक्रियाही या कार्यक्रमातून मोफत होते.