बाटलीवर '५' लिहिलंय म्हणून ते ऑइल तुमच्या सायकलच्या फोर्कला चालेलच असं नाही!

माउंटन बाइकच्या फोर्कमधलं ऑइल बदलायची वेळ आली की बरेच जण दुकानात जाऊन "फाइव्ह वेटचं द्या" एवढंच सांगतात. दुकानदार एक बाटली काढून देतो, मेकॅनिक ती ओततो आणि पुढच्याच राइडला सायकल ओळखू येत नाही. फोर्क दगडासारखा कडक झालेला असतो, नाहीतर बेडकासारखा उड्या मारत असतो. बिघाड फोर्कमध्ये नसतोच. घोळ त्या '५' या आकड्यात असतो.

मुळात फोर्कमध्ये ऑइल कशाला लागतं? धक्का झेलते ती स्प्रिंग, मग ती लोखंडी असो वा हवेची. पण नुसती स्प्रिंग दबली की तेवढ्याच जोरात परत उसळणार. तिला आवर घालतो तो डॅम्पर. त्यातला पिस्टन ऑइलला बारीक छिद्रांमधून आणि पातळ चकत्यांच्या फटींमधून ढकलतो. या घर्षणात धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ऑइल पातळ असेल तर ते पटकन वाहतं, दाट असेल तर अडत अडत.

आता उतारावर ओळीने दगड आलेत असं समजा. ऑइल गरजेपेक्षा दाट असेल, तर पहिल्या दगडावर दबलेला फोर्क पूर्ण वर यायच्या आतच दुसरा दगड येतो, मग तिसरा. फोर्क खाली खालीच बसत जातो, सायकलचं नाक झुकतं आणि सगळे हिसके मनगटाला बसतात. ऑइल फार पातळ असेल, तर चाक दरवेळी उसळून जमिनीवरून सुटतं. टायर हवेत असताना पुढचा ब्रेक कितीही दाबला तरी उपयोग शून्य. वळणाच्या तोंडावर असं झालं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

मग '५' मध्ये घोळ कसला? इंजिन ऑइलच्या ग्रेडला एसएई या संस्थेचे ठरलेले निकष असतात. फोर्क ऑइलच्या 'वेट'ला असं सगळ्यांना बांधणारं माप नाही. प्रत्येक कंपनीचं '५' वेगळं. बाजारात एका नावाजलेल्या ब्रँडचं ५ वेट साधारण १६ सेंटिस्टोकचं आहे, तर दुसऱ्या तितक्याच नावाजलेल्या ब्रँडचं साधारण २७ चं. म्हणजे एकाचं '५' दुसऱ्याच्या '१०' च्या जवळ जाऊन बसतं!

सेंटिस्टोक हे दाटपणाचं खरं माप. २० अंश सेल्सिअसच्या पाण्याचा दाटपणा साधारण १ सेंटिस्टोक असतो, त्यावरून अंदाज घ्या. हा आकडा बाटलीवर नसला तरी बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर त्या ऑइलच्या माहितीपत्रकात सापडतो. दोन ऑइलची तुलना करायची तर दोन्हींचा ४० अंश सेल्सिअसचा आकडाच घ्यायचा, कारण तापमान वाढलं की ऑइल पातळ होतं. ते किती पटकन पातळ होतं हे 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' सांगतो. हा आकडा जितका मोठा, तितका लांबलचक उतारावरही फोर्क सारखाच वागतो.

अजून एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. आजच्या बहुतेक चांगल्या फोर्कमध्ये दोन वेगवेगळी ऑइल असतात. डॅम्परमधलं पातळ, आणि खालच्या नळ्यांमधलं त्याहून दाट, जे सील आणि बुशिंगला वंगण देतं. रॉकशॉक्स आपल्या अनेक फोर्कच्या खालच्या नळ्यांसाठी ०डब्ल्यू-३० सांगते, तर फॉक्स २० वेट गोल्ड. प्रमाण अगदी थोडं, मॉडेलनुसार एका बाजूला ५ ते ४० मिलीलीटर. पण ते वेळेवर बदललं नाही तर नळीवरचा महागडा लेप घासला जातो, आणि तो खर्च ऑइलच्या कितीतरी पट असतो. रॉकशॉक्स खालच्या नळ्यांची सर्व्हिस ५० तासांच्या राइडनंतर करायला सांगते. इथलं दाट ऑइल चुकून डॅम्परमध्ये गेलं तर फोर्क फारच संथ होईल.

जुन्या 'ओपन बाथ' फोर्कमध्ये मात्र एकच ऑइल दोन्ही कामं करतं. तिथे पातळीही महत्त्वाची. ऑइल जास्त भरलं की वर हवेला जागा उरत नाही, फोर्क पूर्ण दबत नाही आणि सीलवर ताण येतो.

आणि स्वस्तातल्या अनेक सायकलींच्या शॉकअपमध्ये ऑइल नसतंच! आत फक्त स्प्रिंग, रबर आणि ग्रीस. तिथे ऑइल ओतून काही साधत नाही.

मग निवडायचं कसं? फोर्कवरचा कोड किंवा सीरियल नंबर बघायचा (फॉक्सचा चार अक्षरांचा कोड खालच्या नळीच्या मागे असतो) आणि कंपनीच्या तक्त्यात कोणतं ऑइल, कुठे, किती ते पाहायचं. तेच ऑइल मिळत नसेल तर डॅम्परसाठी सेंटिस्टोक जुळणारं दुसरं फोर्क ऑइल घ्यायचं. बाटलीवर मोटारसायकलचं चित्र असलं तरी बिघडत नाही, आकडा जुळायला हवा. ब्रेक ऑइल, शिलाई मशीनचं तेल किंवा गंज काढायचा स्प्रे हे प्रयोग मात्र नकोत.

वजनाचा विचार शेवटी. वजनाने हलका रायडर फोर्कमध्ये हवा कमी ठेवतो. रिबाउंडचा नॉब पूर्ण मोकळा करूनही फोर्क सावकाशच वर येत असेल, तर त्याने थोडं पातळ ऑइल घ्यावं. भारी रायडरचं उलट. नॉब मधल्या टप्प्यात असताना सगळं नीट चालत असेल, तर कंपनीने सांगितलेलंच ऑइल ठेवावं. नवं ऑइल भरल्यावर नॉबचे जुने क्लिक तसेच ठेवू नका. एखाद्या ओळखीच्या छोट्या उतारावर दोन-तीन फेऱ्या मारून ते पुन्हा लावून घ्या.