मातीची तबकडी : कच्ची आणि भाजलेली

गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. गोदाकाठच्या या गावातून त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी गेल्या. त्याच नामदेवांविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. संतमेळ्यात तेरच्या गोरोबा कुंभारांनी प्रत्येकाच्या मस्तकावर थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. कथेचा अध्यात्मार्थ मोठा आहेच. पण तीत कुंभाराची एक व्यावहारिक परीक्षाही आहे. भाजलेले मडके टिचकीने खणखणते, कच्चे बद्द वाजते. अंगठ्या, कानातली, किल्ल्या ठेवण्यासाठी मातीच्या शोभिवंत तबकड्या घरीच करणाऱ्यांनी ही परीक्षा ध्यानात ठेवावी.

कृती सोपी आहे. मळलेला गोळा पोळपाटावर मलमलीच्या फडक्यात ठेवून साधारण पाव इंच जाडीचा लाटावा. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवल्यास लाटणे त्यांवरून फिरते आणि जाडी एकसारखी राहते. कडक शिरांचे एखादे सुकलेले पान हलके दाबले की नक्षी उमटते. डब्याच्या झाकणाने गोल कापून तो फडक्यासह वाटीत बसवावा. खोलगटपणा आपोआप येतो. कडा ओल्या बोटाने गुळगुळीत कराव्यात. वाळवणे मात्र सावलीत आणि सावकाश. उन्हात कडा आधी आकसतात, मध्यभाग ओलाच राहतो आणि तबकडी तडकते.

मराठवाड्यात माती निवडतानाच चूक होण्याचा संभव अधिक. बेसाल्ट खडकापासून झालेली इथली काळी माती पाण्याने फुगते, वाळताना आकसते; उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा हे तिचेच लक्षण. कापसाला ती मानवते, नुसत्या तबकडीला नाही. कुंभार मातीत राख, बारीक रेती किंवा लीद मिसळतात ते उगाच नव्हे. छंदासाठी नदीकाठ उकरण्यापेक्षा कुंभाराकडून मळलेला गोळा विकत घ्यावा. पृथ्वीकाय जीवांचा विचार करणाऱ्या घराला हे वेगळे सांगावे लागू नये, आणि कुंभारालाही दोन पैसे मिळतात.

बाजारात ‘एअर ड्राय क्ले’ नावाची, हवेत घट्ट होणारी तयार माती मिळते. तिच्यात बहुधा लगदा किंवा चिकट बंधक असतो. तिची वस्तू देखणी होते, पण ती पक्की नव्हे. साधी माती ५०० ते ६०० अंश सेल्सिअसच्या सुमारास आपले रासायनिक पाणी सोडते आणि मगच पुन्हा चिखल होत नाही. घरातील ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो. त्यामुळे ‘ओव्हनमध्ये भाजली’ या म्हणण्याला अर्थ नाही. पक्की तबकडी हवी असेल तर कुंभाराच्या आव्यात जागा मागावी, आणि तीही पूर्ण वाळल्यावरच. अंगात ओल राहिली तर वाफेने ती फुटते.

भाजलेल्या मातीचे आयुष्य किती, याचे उत्तर तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मिळते. प्राचीन तगर म्हणजेच तेर. सातवाहनकाळी तिथे दुहेरी साच्यातून काढलेल्या पांढऱ्या केओलिन मातीच्या पोकळ मूर्ती सुमारे दोन हजार वर्षांनंतरही आपले नाक-डोळे, दागिने दाखवत उभ्या आहेत.

रुखवतात किंवा दिवाळीच्या भेटीत अशा तबकड्या शोभतात. काही घरांतून त्या विकल्याही जातात. विकायच्या असतील तर गुंतवलेल्या तासांची मजुरी किमतीत धरावी, नाहीतर हिशेब खोटा ठरतो. गिऱ्हाइकाला माल जसा आहे तसा सांगणे हे पेढीचे जुने वळण इथेही लागू आहे. न भाजलेल्या तबकडीवर रंग आणि वार्निश कितीही चकाकले तरी ती पाण्याने धुता येत नाही आणि तिच्यात सुपारी-बडीशेपही ठेवू नये. ही गोष्ट सोबतच्या चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहावी, किमतीच्या शेजारीच.