संशोधनाच्या जागा आणि नियमावलीची सत्ता

राजधानीत संशोधनावर बंदी घालण्याचा हुकूम सहसा कोणी काढत नाही. बहादूरशाह जफर मार्गावरील विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कार्यालयातून नियमावली निघते, विद्यापीठाचे प्रशासन तिच्याकडे बोट दाखवते आणि संशोधक दाराबाहेर राहतो. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 2017 मध्ये नेमके हेच घडले.

आयोगाच्या 2016 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच पीएच.डी. विद्यार्थी घेता येणार होते. ही मर्यादा तत्त्वतः गैर नव्हती. मार्गदर्शकालाच वेळ नसेल, तर दर्जा टिकणार कसा? परंतु आधीच संशोधन करीत असलेले विद्यार्थीही हिशेबात धरल्याने अनेक केंद्रांत नव्या प्रवेशांना जागाच उरली नाही. हजाराहून अधिक असलेल्या एम.फिल. व पीएच.डी.च्या जागा दोनशेच्या आत आल्या. लेखी परीक्षा पात्रतेपुरती राहून अंतिम निवड मुलाखतीवर सोपविली गेली. मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना मिळणारे विशेष गुणही या प्रवेशांतून गेले. वास्तविक मुलाखतीत भेदभावाला वाव राहतो म्हणून तिचे गुण 30 वरून 15 करावेत, अशी शिफारस विद्यापीठानेच नेमलेल्या अब्दुल नाफे समितीने केली होती. ती बाजूला पडली.

विद्वत परिषदेत पुरेशी चर्चा न होताच निर्णय झाल्याचे नोंदविले गेले, असा अध्यापक संघटनेचा आरोप होता. नियम बंधनकारक आहेत, ही प्रशासनाची भूमिका. मार्च 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते बंधनकारक ठरविले. मात्र नियम पाळावा लागतो म्हणून परिषदेचे तोंड बंद करण्याचा अधिकार कुलगुरूंना मिळत नाही. पुढे 2018 मध्ये आयोगालाच दुरुस्ती करून लेखी परीक्षेला 70 आणि मुलाखतीला 30 टक्के भार द्यावा लागला. तोवर प्रवेशाची संधी हुकलेल्यांची भरपाई कोणी केली नाही.

या साऱ्यात संसद कोठे होती? 1956 च्या आयोग कायद्यातील कलम 28 नुसार प्रत्येक नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावा लागतो आणि संसदेला तो बदलता किंवा रद्दही करता येतो. पण पटलावर ठेवायच्या कागदांचा सोपस्कार काही मिनिटांत उरकतो. त्या गठ्ठ्यातील एखादी नियमावली कोणी खासदार उघडून वाचेल, तर गडचिरोली-नंदुरबारहून दिल्लीत येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागणार नाही.