मालवाहू जहाजांची सागरसफर

१ ऑगस्ट १७८५ रोजी फ्रान्सच्या ब्रेस्त बंदरातून ज्या दोन जहाजांनी ला पेरूझच्या हुकुमतीखाली प्रयाण केले, ती ‘बूसोल’ आणि ‘ॲस्ट्रोलाब’ मूळची लढाऊ नव्हेत, तर रसद वाहणारी अवजड जहाजे होती. आणि ही निवड मला मोठी मार्मिक वाटते. अज्ञात सागराच्या संशोधनात वेगाचे महत्त्व बेताचेच. दीर्घकाळ पुरणारा शिधा, वेधयंत्रे, कालमापक घड्याळे आणि वनस्पतींचे नमुने ज्याच्या प्रशस्त उदरात मावतील, तेच जहाज तेथे उपयोगी. ताज्या पाण्यावाचून खलाशांचे आरोग्य टिकत नाही, हा ॲस्ट्रोलाबचा कप्तान द लांगल याचा आग्रह मात्र प्राणघातक ठरला : डिसेंबर १७८७ मध्ये सामोआतील तुतुइला बेटावर पाणी भरताना त्याच्यासह बारा जण मारले गेले. तत्पूर्वी कामचाटकात उतरलेल्या लेसेप्स नामक दुभाष्याने सफरीचे दप्तर सैबेरियातून खुश्कीच्या मार्गाने फ्रान्सला पोहोचवले, हे शास्त्राचे सुदैव. कारण मार्च १७८८ मध्ये बॉटनी बे सोडल्यावर दोन्ही जहाजे व्हानिकोरो बेटाच्या प्रवाळखडकांवर फुटली. त्यांचे अवशेष पीटर डिलन या दर्यावर्दीस १८२७ मध्ये आढळले. बूसोलची निःसंशय ओळख पटली ती २००५ मध्ये, समुद्रतळातून वर काढलेल्या एका सेक्स्टंटमुळे.