आधी धाव, मग नेम

आपल्या शीव कोळीवाड्यात धावण्याची आणि एअर रायफलची स्पर्धा भरवायची म्हटली, की आया पहिलं विचारतात, "पोरींच्या हातात बंदूक?" प्रश्न रास्त आहे. म्हणून तयारी तिथूनच सुरू करूया.

धावणं गल्लीत पहाटे जमेल, नेमबाजी मात्र गल्लीत नाहीच. तिला बंदिस्त जागा, निशाणामागे छर्रे अडवणारी भक्कम आडभिंत आणि जाणकार प्रशिक्षक हवा. पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवायचं. अंतर १० मीटर, छर्रा ४.५ मिलिमीटरचा. रायफल घेऊन कुणी धावायचं नाही. ती टेबलावरच राहील, रिकामी, नळी निशाणाकडे. पंचांनी सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही. डोळ्यांना चष्मा सक्तीचा. छर्रे शिशाचे असतात, म्हणून साबणाने हात धुतल्यावरच खाऊ.

आता खरी गंमत. धावून आल्यावर छाती धपापते, नळी हलते. घाईने चाप ओढला की नेम चुकतो. दोन-चार श्वास थांबणारी पोर मागून येऊनही पुढे जाते. म्हणून पाच छर्रे आणि प्रत्येक चुकीला एक जादा फेरी, एवढाच नियम ठेवूया.

रायफल महाग, ती प्रत्येकीकडे नसली तरी चालतं. अंजली भागवत एनसीसीतून नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोहोचल्या.

स्पर्धेआधी एक दिवस आयांनाच बोलवा, प्रशिक्षकांसमोर नेम धरू द्या. आईची भीती गेली, की पोरीचं नाव यादीत आलंच.